हाताची रोजकीर्द



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राज्य, समाज, धर्म, वाङ्मय अशा थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. आम्ही आज जो विषय घेऊन उभे आहोत तो इतका लहान आहे, की चिटणीसांनी आम्हांस तो दोनदा विचारून घेतला. विषय असा: संगणकावर मजकूर लिहिताना आपण यंत्रास ज्या आज्ञा देतो त्यांची नोंद ठेवावी काय? ठेवावी, तर ती कोणी ठेवावी आणि कोणी वाचावी?

एकलहरे येथील श्रोत्यांना तरी हा विषय परका वाटू नये. या गावाचे नाव औष्णिक वीज केंद्रामुळे महाराष्ट्रभर झाले. १९७० च्या सुमारास येथे पहिला संच सुरू झाला, आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. येथील घराघरांत कोणी ना कोणी पाळीने काम केलेले आहे, आणि ज्याने नियंत्रण कक्षात पाळी केली त्याला लॉगबुक म्हणजे काय हे सांगावयास नको. मिनिटाला ३००० फेरे घेणारे टर्बाइन, त्याच्यामागे धगधगणारा बॉयलर, आणि या सगळ्याची हकीकत तासातासाला वहीत उतरते. वाफेचा दाब किती, तापमान किती, भार किती. भार वाढवा किंवा कमी करा असा निरोप भार प्रेषण केंद्राकडून आला, तर तो किती वाजता आला, कोणी दिला, कोणी घेतला, हेही लिहिले जाते. म्हणजे नुसत्या आकड्यांची नव्हे, आज्ञांचीही नोंद असते. रात्रपाळीचा माणूस येतो, खुर्चीत बसण्यापूर्वी वही वाचतो, सही करतो आणि मगच यंत्र आपल्या ताब्यात घेतो.

आम्हीही नोकरीचा मोठा काळ अशाच कक्षांत घालविला. तेव्हा वाटे, की ही वही वरिष्ठांसाठी आहे. पुढे उमगले, की ती प्रथमतः यंत्रापुढे बसलेल्या माणसासाठी आहे. पहाटे तीन वाजता आपण कोणती झडप उघडली हे सकाळी सहाला आठवत नाही. आठवते असे वाटते, पण ते खरे नसते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील कोट्यवधी लोकांची वीज गेली. त्या अपघाताचा छडा लावताना तपास करणाऱ्यांपुढे जी मोठी अडचण आली ती नोंदी नसल्याची नव्हती. नोंदी ढीगभर होत्या. पण नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. आधी काय घडले आणि मागाहून काय, हे लावण्यातच पुष्कळ काळ गेला. नोंद असणे वेगळे आणि नोंद उपयोगी पडेल अशी असणे वेगळे.

आता नियंत्रण कक्षातून आपल्या टेबलाकडे येऊ. आज शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून, वकील, वार्ताहर आणि आमची आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी या सर्वांचे हात दिवसभर ज्या साधनावर चालतात, ते म्हणजे टेक्स्ट एडिटर. मजकूर लिहिणे, खोडणे, हलविणे एवढ्याचसाठी केलेले हे साधन. वरवर पाहता ते कोऱ्या कागदासारखे दिसते, पण कागद आज्ञा घेत नाही आणि एडिटर घेतो. केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या ‘एड’ या एडिटरात तर कागद दिसतही नसे. अमुक ओळ दाखव, अमुक शब्द बदल, अशा आज्ञाच द्यावयाच्या. पुढे १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांचा ‘व्हीआय’ आणि रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींचा ‘ईमॅक्स’ हे दोन एडिटर निघाले. ‘व्हीआय’चा वंशज ‘व्हिम’ हा ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. या सर्वांत तत्त्व एकच. कळ दाबली, की तिच्यामागे एक आज्ञा असते, आणि त्या आज्ञेला नाव असते. एक ओळ खाली जा, एक अक्षर पूस, शब्द शोध, जतन कर. ‘अ’ ही कळ दाबली तरी ‘अ हे अक्षर येथे उमटव’ ही आज्ञाच होय.

आज्ञेला नाव आहे, म्हणजे ती वहीत मांडता येते. आणि ही मांडणी कशी करावी हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवले आहे. दुकानाच्या गादीवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द: दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने तिच्यात लिहावयाचे. दुसरी खतावणी: रोजकीर्दीतून उचलून प्रत्येकाच्या नावाचे खाते मांडावयाचे, म्हणजे कोणाकडे किती गेले याची बेरीज हाती लागते. एडिटरच्या आज्ञांचीही अशीच दोन प्रकारची नोंद होते. ‘व्हिम’ला सुरू करतानाच सांगितले, तर तो दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलीत क्रमाने उतरवून ठेवतो. ‘ईमॅक्स’ही हे करतो, शिवाय नुकत्याच दाबलेल्या कळा कोणत्या, हे विचारले असता तो केव्हाही दाखवितो. ही झाली रोजकीर्द. खतावणीसाठी ‘ईमॅक्स’मध्ये प्रत्येक आज्ञेच्या आधी एक लहानशी तरतूद चालविता येते. ती त्या आज्ञेच्या नावापुढे एकाची भर घालते आणि बाजूला होते. महिन्याअखेरीस आज्ञांची यादी आणि प्रत्येकीपुढे तिची संख्या आपल्यासमोर येते.

आम्ही अशी खतावणी ठेवून पाहिली. वीज केंद्राच्या जुन्या आठवणी आम्ही मराठीत लिहून काढीत आहोत. त्या कामावर ही नोंद चालविली. सुरू करताना आम्हांस कोणी विचारले असते, तर ‘आम्ही शोधण्याची आज्ञा पुष्कळ वापरतो’ असे छातीठोकपणे सांगितले असते. एवढी वर्षे यंत्रांपुढे बसलेला माणूस लांबचा रस्ता कशाला घेईल? पण वहीने आमचा मुखभंग केला. शोधण्याची आज्ञा यादीत कोठे खाली दडली होती. सर्वांत वर होती ‘एक ओळ खाली’ आणि तिच्याखालोखाल ‘एक अक्षर मागे पूस’. म्हणजे चाळीस ओळी खाली जावयाचे तर आम्ही कळ चाळीस वेळा दाबीत होतो, आणि ते आम्हांस ठाऊकही नव्हते. पुढच्या महिन्यात आम्ही एकच नियम केला: पाच ओळींहून दूर जावयाचे असेल तर शब्द शोधून जावयाचे. पहिला आठवडा कष्टाचा गेला. मग हाताला वळण लागले.

ही जी उपरती झाली ती विचाराने झालेली नाही, हे लक्षात घ्यावे. कितीही चिंतन केले असते तरी ती झाली नसती, कारण हात जे करतो ते मनाला कळवीत नाही. सवयीचा अर्थच तो. ‘व्हीआय’च्या वेळी बिल जॉय ज्या टर्मिनलवर काम करीत होते, त्यावर दिशादर्शक बाण एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवर छापलेले होते. ते टर्मिनल केव्हाच मोडीत गेले, पण जगभरच्या ‘व्हिम’ वापरणाऱ्यांची बोटे आजही खाली जाण्यासाठी ‘जे’ दाबतात. असे जुने वळण बोटांत किती बसले आहे हे पाहावयाचे, तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

मोजणीने मोठी कामे झालेली आहेत. तारायंत्राची सांकेतिक लिपी ठरविण्याच्या वेळी मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल हे मॉरिसटाउन गावच्या छापखान्यात गेले आणि कोणत्या अक्षराचे खिळे किती आहेत ते त्यांनी पाहिले. इंग्रजीत ‘ई’ सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्याला एकच टिंब मिळाले. आमच्या जुन्या कंपोझिटरांनाही हे कळत होते. वारंवार लागणाऱ्या खिळ्याचा कप्पा हाताजवळ असे. अलीकडचे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’चे. २००३ च्या आवृत्तीत, ज्यांनी संमती दिली अशा वापरकर्त्यांच्या आज्ञांची गणती कंपनीने केली. तेव्हा असे आढळले, की चिकटविणे, जतन करणे, नक्कल करणे, केलेले परत फिरविणे आणि अक्षर ठळक करणे या पाच आज्ञा मिळून एकंदर वापराचा सुमारे ३२ टक्के भाग होतो, आणि त्यांतही एकट्या चिकटविण्याचा वाटा ११ टक्क्यांहून अधिक. शेकड्यांनी आज्ञा असलेल्या साधनात पाच आज्ञांनी एक तृतीयांश जागा व्यापावी! २००७ च्या आवृत्तीत कंपनीने वरच्या पट्टीची सगळी मांडणी बदलली, त्यामागे ही मोजणी होती.

येथपर्यंत आम्ही नोंदीचे गोडवे गायिले. आता दुसरी बाजू. खतावणीतील आकडा खरा असतो, पण त्याचा अर्थ त्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो.

‘एक अक्षर मागे पूस’ हीच आज्ञा घ्या. तिचा आकडा पाहून आम्हांस वाटले, की आपण फार चुका करतो. मग नीट पाहिले. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एकच अक्षर दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी तो स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असा सहा खुणांचा आहे. लिहिताना सहा कळा, आणि पुष्कळ एडिटरांत मागे पुसतानाही सहा. इंग्रजी लिहिणाऱ्याची एक चूक एका कळेने पुसली जाते, तेथे मराठी लिहिणाऱ्याला कधी चार, कधी सहा कळा दाबाव्या लागतात. दोघांच्या खतावण्या शेजारी ठेवून कोणी म्हणेल, की मराठी लिहिणारा गृहस्थ फार धांदरट. दोष माणसाचा नाही, लिपीचाही नाही. एक हे एकाबरोबर धरण्याच्या हिशोबाचा आहे.

दुसरी गोष्ट अशी, की जे वारंवार लागते तेच महत्त्वाचे असे नव्हे. नियंत्रण कक्षात संच तत्काळ बंद करण्याचे बटण असते. वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावीत नाही. खतावणी पाहून कोणी म्हणाला, की हे बटण वापरात नाही, काढून टाका, तर त्याला आपण काय म्हणू? एडिटरमध्येही बिघडलेली फाइल परत मिळविण्याची आज्ञा दहा वर्षांतून एकदा लागेल. पण त्या एका दिवशी तीच सर्व काही असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोंद हात पाहते. हात थांबलेला असताना जे चालते ते तिला दिसत नाही. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कार्ड व मोरन या दोघांनी न्यूवेल यांच्यासह एडिटर वापरणाऱ्या माणसांचा काळजीपूर्वक अभ्यास केला. १९८० मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशोबात हात कीबोर्डवरून माउसकडे नेण्यास ०.४ सेकंद धरले आहेत, तर पुढच्या आज्ञेसाठी मनाची तयारी करण्यास १.३५ सेकंद. अगदी नेहमीच्या, ठरीव कामातसुद्धा विचार हा हाताच्या तिपटीहून अधिक वेळ घेतो. मग ज्या कामात खरोखर काही नवे सुचावयाचे आहे तेथे काय म्हणावे? कळ दाबली जात नाही तो वेळ रिकामा, हे समीकरण मुळातच खोटे आहे.

श्रोतेहो, या लहानशा विषयाला गांभीर्य येते ते येथे. आज अनेक कचेऱ्यांतून, विशेषतः घरी बसून करावयाच्या नोकऱ्यांत, कामगाराच्या संगणकावर मालकाच्या वतीने नोंद ठेवणारी साधने बसविली जातात. किती कळा दाबल्या, माउस किती वेळ हलला नाही, हे मोजून माणूस किती काम करतो ते ठरविले जाते. आमच्या परिचयाचा एक तरुण विचार करताना उगाच माउस हलवीत बसे. विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘काका, थांबलो की लाल खूण येते.’’ ज्या मुलाला विचार करण्याबद्दल पगार मिळतो, त्याने विचार करीत नसल्याचे सोंग आणावे, अशी ही स्थिती!

हे आम्हांस नवीन नव्हते. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आम्ही हाच प्रकार पाहिला होता. तेथे लॉगबुक चांगले ठेवले जात असे. वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण खरे. पुढे एक साहेब आले. त्यांनी वही वाचून दंड करण्यास सुरुवात केली. आकडा जरा इकडेतिकडे झाला, की खुलासा मागत. दोन महिन्यांत वही सुरेख झाली. तासातासाला तेच आकडे, सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. साहेब खूष होते. एके रात्री पंपाचा बेअरिंग तापत तापत जाऊन जळला. सकाळी वही उघडली तर रात्रभर तापमान जेथल्या तेथे! ज्या माणसाने ते आकडे लिहिले तो खोटारडा नव्हता. आदल्या वर्षी त्यानेच वाढते तापमान वहीत लिहून एक मोठे यंत्र वाचविले होते. वही तीच, माणूस तोच. वाचणारा बदलला, आणि वही मेली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आज्ञांची नोंद जरूर ठेवावी, पण ज्याचा हात त्याने ठेवावी आणि त्याने वाचावी. आरसा आपण भिंतीवर लावला तर तोंड पाहावयाच्या उपयोगी पडतो. तोच दुसऱ्याने आपल्यावर रोखून धरला तर डोळे दिपतात.

व्यवहाराच्या दोन सूचना करतो. पहिली: रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद विसरू नये. सर्व कळा क्रमाने उतरविणाऱ्या फाइलीत आपले खाजगी पत्र येते, आणि पासवर्डही येतो. ‘ईमॅक्स’च्या माहितीपुस्तकात तसा इशाराच दिलेला आहे. खतावणीत फक्त आज्ञेचे नाव व संख्या येते. काय लिहिले ते येत नाही. हाताचे वळण सुधारावयाचे तर खतावणी पुरते. रोजकीर्द ठेवावयाचीच असेल तर थोडा वेळ ठेवावी, वाचावी आणि नष्ट करावी. दुसरी: एका वेळी एकच सवय बदलावी. यादीतील पहिली आज्ञा घ्यावी, तिच्याऐवजी जवळचा मार्ग कोणता ते शोधावे, आणि तो बोटांत बसेपर्यंत दुसरीकडे पाहू नये. एकच क्रम पुनःपुन्हा येताना दिसला तर तो एडिटरलाच शिकवावा. ‘व्हिम’मध्ये तो नोंदविता येतो आणि मग हवा तितक्यांदा वदवून घेता येतो. जे काम यंत्राला सांगता येते ते बोटांनी करीत बसणे ही काटकसर नव्हे.

आणि जे लोक दुसऱ्यांकडून काम करवून घेतात त्यांस एक विनंती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी निव्वळ व्यवहार म्हणून सांगतो. तुम्हांस खरी नोंद हवी असेल, तर ती लिहिणाऱ्याला तिची भीती वाटता कामा नये. खरी लिहिल्याबद्दल एकदा जरी शिक्षा झाली, तरी पुढे तुमच्या हाती जे येईल ते सुबक असेल, पण खरे असणार नाही.

एकलहरे येथे ज्यांनी रात्री जागून वह्या भरल्या, त्यांच्यापुढे हे सांगणे म्हणजे गंगेत पाणी ओतण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांची मुले व नातवंडे आज दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांपुढे रात्री जागतात. त्यांनी आजोबांची वही एकदा मागून पाहावी. पहाटे तीन वाजता, कोणी पाहत नसताना, काढलेल्या अक्षरांत ‘तापमान वाढत आहे’ असे लिहिलेले तीत कोठेतरी सापडेल. तसे लिहिण्याची मोकळीक आपल्या कामात आपल्याला उरली आहे काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःस विचारावा, अशी आमची विनंती आहे.